आकड्याशेजारचा बाण

(दृश्य : दंडावर चिकटवलेला, शुगर सतत मोजणारा नाण्याएवढा सेन्सर. मोबाईलच्या पडद्यावर ११०.)

एकशे दहा. मधुमेह असलेल्या कुणालाही हायसं वाटावं असा आकडा. पण त्याच्या शेजारी एक बाण आहे आणि तो सरळ खाली वळलाय. म्हणजे शुगर मिनिटाला दोन मिलिग्रॅमहून जास्त वेगानं उतरतेय. हाच वेग राहिला, तर वीस मिनिटांत ती सत्तरच्या खाली जाईल. बोटाला टोचून तपासलं असतं तर नुसता आकडा दिसला असता, बाण नाही, आणि हा माणूस निर्धास्तपणे गाडी चालवायला निघाला असता.

दिवसातून चारदा टोचलं, तरी कळतात ते चारच क्षण. एचबीएवनसी ही रक्तचाचणी सांगते ती गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. दोन रुग्णांची एचबीएवनसी सारखीच ७ येऊ शकते. त्यातल्या एकाची शुगर दिवसभर फारशी हलत नाही. दुसऱ्याची जेवणानंतर २८० होते आणि पहाटे ५५ वर येते. कागदावर दोघंही सारखेच.

(दृश्य : त्वचेखालची तार, मोठी करून.)

सेन्सरची ही बारीक, लवचीक तार रक्तवाहिनीत जात नाही. ती त्वचेखाली, पेशींभोवतीच्या द्रवात असते. तिच्यावरचं एन्झाइम ग्लुकोजशी क्रिया करतं, त्यातून अगदी क्षीण वीजप्रवाह तयार होतो आणि त्यावरून आकडा ठरतो. ही कल्पना १९६२ सालची. अमेरिकेत अशा पहिल्या यंत्राला मान्यता मिळाली ती १९९९ मध्ये, आणि तेव्हा रुग्णाला स्वतःचे आकडे दिसतही नव्हते. तीन दिवसांची नोंद नंतर डॉक्टर बघायचे. आज दर काही मिनिटांनी नवा आकडा हातात येतो.

रक्तातली साखर आधी बदलते, त्या द्रवातली काही मिनिटांनी. एवढी एक गोष्ट माहीत नसली की घोळ होतो. शुगर ६२, हात थरथरतायत, घाम फुटलाय. पंधरा ग्रॅम ग्लुकोज घेतलं. दहा मिनिटांनी पडद्यावर ५८! जीव घाबरतो, माणूस आणखी खातो, मग आणखी. रक्तातली शुगर तोवर वर येऊ लागलेली असते, आणि दोन तासांनी आकडा २५० च्या पुढे. अशा वेळी पंधरा मिनिटं थांबून बोटाला टोचून बघावं. लक्षणं एक सांगतायत आणि सेन्सर दुसरंच, तेव्हाही तेच करावं.

उलटही होतं. जेवणानंतर वर जाणारा बाण बघून इन्सुलिनचा जादा डोस घ्यावासा वाटतो. पण आधीचा डोस अजून काम करतच असतो. डोसावर डोस चढला की शुगर कोसळते.

(दृश्य : रात्र. उशाशी फोन.)

या यंत्राचा खरा आधार रात्री कळतो. वर्षानुवर्षं इन्सुलिन घेणाऱ्या काहींना शुगर उतरल्याची जाणीवच होईनाशी होते. ना थरथर, ना घाम. झोपेत तर मुळीच नाही. तिथे अलार्म वाजतो. लहान मुलाचे आकडे शेजारच्या खोलीत आईवडिलांच्या फोनवर दिसतात. कधी मूल सेन्सरच्या कुशीवर झोपतं, दाबामुळे आकडा खोटाच खाली जातो आणि सगळं घर जागं होतं. तरीही हे आईवडील अलार्म बंद करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

दर दहा-पंधरा दिवसांनी नवा सेन्सर लागतो. हा खर्च अनेकांना पेलत नाही. ज्यांचं आयुष्य इन्सुलिनवर आहे, त्यांच्यापर्यंत तरी सेन्सर आधी पोचायला हवा.

(दृश्य : डॉक्टरांच्या टेबलावर चौदा दिवसांचा आलेख.)

बहुतेक प्रौढांसाठी उद्दिष्ट असं : दिवसाचा सत्तर टक्क्यांहून जास्त वेळ शुगर ७० ते १८० मध्ये, आणि सत्तरच्या खाली चार टक्क्यांहून कमी. या आलेखात दुपारी चढ आहे, पहाटे तीनला खड्डा. डॉक्टर बोट ठेवतात ते खड्ड्यावर. आधी रात्रीचा डोस कमी होतो. दुपारच्या चढाचं नंतर बघायचं.