कुरतडलेलं पान

(दृश्य: लिंबाच्या झाडाचा शेंडा, अगदी जवळून. कडा कुरतडलेल्या.)

या लिंबाची पानं कोणीतरी खाल्ली आहेत. एरवी एवढं दिसलं की फवारणीचा पंप बाहेर निघतो. फुलपाखरांसाठी लावलेल्या बागेत मात्र याच पानांची वाट पाहायची असते.

आता पानावरचा हा डाग बघा. तपकिरी, मध्ये पांढरट, ओलसर चकाकी. पक्ष्याची विष्ठा वाटते ना? पक्ष्यालाही तसंच वाटतं, आणि म्हणून तो हिला चोच लावत नाही. ही लिंबाळी फुलपाखराची अळी आहे. चार वेळा कात टाकून पाचव्या टप्प्यात आली की ती पानासारखी हिरवी होते. त्या वेळी डिवचलीत, तर डोक्यामागून मऊ, दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते.

फुलझाडं लावली की फुलपाखरं येतात, पण मधुरस पिऊन निघून जातात. त्यांनी इथे अंडी घालावीत असं वाटत असेल, तर अळीचं झाड लावायला हवं. आणि अळी खाण्याच्या बाबतीत विलक्षण हट्टी. लिंबाळी आणि कॉमन मॉर्मन यांच्या अळ्यांना लिंबू, संत्रं, कढीपत्ता हीच मंडळी चालतात. प्लेन टायगरला रुई. रेड पिएरोला पानफुटी, आणि तिची अळी तर पानाच्या आत शिरून गर खाते. बाहेरून फक्त फिकट डाग दिसतात. मादी पानावर पुढचे पाय आपटते, ते चव घेण्यासाठी. झाड नेमकं हेच आहे याची खात्री ती अशी करते.

(दृश्य: कढीपत्त्याच्या तीन कुंड्या, एकमेकींना खेटून.)

दहा जातींची एकेक रोपं आणण्यापेक्षा एकाच जातीची तीन आणा. हातभर उंचीचा कढीपत्ता तीन-चार मोठ्या अळ्या बघता बघता बोडका करतात. मग त्या खाली उतरतात, खाणं शोधत फिरतात आणि मरतात. म्हणून कुंड्या अशा ठेवायच्या, की एकीची पानं दुसरीला टेकतील. लिंबाला १४ ते १६ इंची कुंडी द्या. अंडी बहुतेक कोवळ्या पालवीवर पडतात, तेव्हा तिन्ही झाडं एकदम छाटू नका. आज एक, दोन-तीन आठवड्यांनी दुसरं, म्हणजे कुठे ना कुठे कोवळं पान मिळत राहील. आणि कात्री लावण्याआधी पानं दोन्ही बाजूंनी तपासा. अंडं टाचणीच्या डोक्याएवढं, गोल, फिकट पिवळं असतं.

रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. छाटताना हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा. तिच्यावर पिवळा मावा हमखास येतो. अंडी-अळ्या नसलेल्या फांद्यांवर पाण्याची जोरदार धार मारली की पुरतं.

बाग फसते ती बहुधा रोपवाटिकेतून आणलेल्या रोपामुळे. रोप टवटवीत असतं, मादी अंडी घालते, अळ्या निघतात आणि काही दिवसांत मलूल होऊन गळून पडतात. कारण रोपाला आधीच आंतरप्रवाही कीटकनाशक दिलेलं असतं. ते रसातून पानापानांत गेलेलं असतं. धुऊन जात नाही. रोप घेताना हे विचाराच. शक्य तिथे बी किंवा फाटा लावून स्वतःच वाढवा. निंबोळी तेल ‘नैसर्गिक’ म्हणून बिनधास्त वापरलं जातं, पण ते अळीचं कात टाकणंच बिघडवतं. बीटी या जिवाणूजन्य कीटकनाशकाची फवारणी तर अळ्या मारण्यासाठीच असते, आणि कोबीवरची अळी कोणती, लिंबावरची कोणती, हे तिला कळत नाही.

खुद्द फुलपाखरांसाठी ऊन हवं, रोज पाच-सहा तास. अंग तापल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. त्याच उन्हात एकेरी पाकळ्यांची फुलं घोळक्याने लावा: झिनिया, कॉसमॉस, पेंटास. दुहेरी, गच्च पाकळ्यांच्या वाणांत अनेकदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. मधुरस कमी, असला तरी सोंड पोचत नाही. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं, तरी ती टाळा. पक्षी तिचं बी लांबवर नेतात आणि माळरानं तिच्याखाली जातात.

(दृश्य: मातीची बशी, ओली रेती, तीन फुलपाखरं सोंड टेकवून.)

हे बहुतेक नर आहेत, आणि शोधतायत ते क्षार. वीतभर रुंद उथळ बशीत दोन भाग रेती, एक भाग माती, चिमूटभर मीठ. पाणी इतकंच, की रेती ओली राहील पण पाणी साचणार नाही. साचलं की डास होतात. मीठ वारंवार घालू नका.

कोष करायची वेळ आली की अळी बरेचदा झाड सोडते. भिंत, कुंडीची कड, वाळकी काटकी, कुठेही जाते. त्या दिवसांत कोपरे झाडू नका. कुंडीत दोन-चार वाळक्या काड्या उभ्या खोचून ठेवा. लिंबाळीचा कोष कमरेला रेशमाचा दोरा बांधल्यासारखा टेकलेला असतो. तो गडद होऊन आतले पंख दिसू लागले, की फुलपाखरू लवकरच बाहेर येणार. आल्यावर ते पंख खाली सोडून लोंबकळतं. तेव्हा हात लावू नका. खाली पडलं तर पंख चुरगळलेलेच वाळतात. शेजारी लालसर थेंब दिसला तर ते रक्त नव्हे, कोषात साठलेला मळ आहे.

(दृश्य: रिकामा कोष. बाजूला बारीक गोल भोक.)

या कोषातून मात्र फुलपाखरू आलेलं नाही. टाचणीने पाडावं तसं भोक आहे, म्हणजे आत परजीवी गांधीलमाश्या वाढल्या, एकाच कोषात अनेक. हा कोष काढून टाकायचं कारण नाही. शेजारच्या कुंडीत कढीपत्त्याला पालवी फुटली आहे, आणि एक मादी पानावर पाय आपटते आहे.