दोन नोंदींचा हिशेब

छतावरील सौर पॅनेल सर्वांना दिसतात, परंतु त्याच घराच्या भिंतीवर बसवलेल्या मीटरकडे सहसा कोणी पाहत नाही. हे मीटर दोन नोंदी ठेवते: ग्रिडमधून, म्हणजे सार्वजनिक वीजपुरवठ्याच्या तारांच्या जाळ्यातून, घेतलेल्या युनिटची एक आणि ग्रिडला दिलेल्या युनिटची दुसरी. भर दुपारी घरात फ्रीज आणि एखादा पंखा एवढाच भार असतो, तेव्हा उरलेली वीज बाहेर जाते आणि दुसरा आकडा वाढत राहतो. दिवेलागणीनंतर पहिला आकडा पुढे सरकू लागतो. महिनाअखेरीस या दोन आकड्यांचा मेळ कसा घालायचा, हे मात्र वीज नियामक ठरवतो, आणि छतावरचा खर्च किती वर्षांत वसूल होणार हे उन्हाइतकेच त्याच्या या निर्णयावर अवलंबून असते.

सौर घट ही काही नवी वस्तू नव्हे. अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन प्रयोगशाळेने १९५४ मध्ये दाखवलेला सिलिकॉनचा घट अंगावर पडलेल्या उन्हापैकी सुमारे ६ टक्के ऊर्जेची वीज करीत असे. मात्र तो इतका महाग होता की उपग्रहासारख्या ठिकाणीच परवडावा. मागणी नाही म्हणून उत्पादन थोडे, आणि उत्पादन थोडे म्हणून किंमत जास्त, अशी ही कोंडी होती, आणि ती फोडण्यात प्रयोगशाळेइतकाच कायद्याचाही वाटा आहे. जर्मनीत १ एप्रिल २००० रोजी लागू झालेल्या अक्षय ऊर्जा कायद्याने छतावरून ग्रिडमध्ये येणाऱ्या प्रत्येक युनिटला बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त, आणि २० वर्षे न बदलणारा दर दिला. हमी कायद्याची असल्यामुळे बँकाही कर्ज द्यायला तयार झाल्या. या योजनेचा भार सरकारी तिजोरीवर न टाकता सर्व वीजग्राहकांच्या बिलात अधिभार म्हणून वाटला गेला. मोठ्या उद्योगांना त्यातून बरीच सूट मिळाली आणि तेवढा भार घरगुती ग्राहकांकडे सरकला, हे या यशोगाथेत फारसे सांगितले जात नाही.

या मागणीचा लाभ पुढे साऱ्या जगाला झाला. एकूण उत्पादन दुप्पट झाले की पॅनेलची किंमत साधारण २० टक्क्यांनी उतरते, असा आजवरचा अनुभव आहे. कारखाने मोठ्या प्रमाणावर चीनमध्ये उभे राहिल्यावर ही उतरण आणखी वेगवान झाली.

हमीचा दर ठरवताना हात सैल सुटला तर काय होते, हे स्पेनमध्ये दिसले. २००७ च्या आदेशातील दर इतके आकर्षक होते की दुसऱ्याच वर्षी स्पेन ही जगातील सर्वांत मोठी सौर बाजारपेठ ठरली. त्यानंतर सरकारने नव्या प्रकल्पांवर मर्यादा घातली, आणि पुढील काही वर्षांत आधीच उभ्या असलेल्या प्रकल्पांचे उत्पन्नही कमी केले. परदेशी गुंतवणूकदार आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले. नव्या ग्राहकांचा दर कमी करणे हा धोरणाचा भाग झाला, परंतु जुन्यांना दिलेला शब्द मागे घेतला तर पुढच्या प्रत्येक योजनेकडे लोक संशयाने पाहू लागतात. माझ्या मते या दोन गोष्टींतील फरक दराच्या आकड्याहून महत्त्वाचा आहे.

आजचा खरा वाद नेट मीटरिंगचा आहे. या पद्धतीत दिलेले युनिट घेतलेल्या युनिटमधून थेट वजा होते, म्हणजे दुपारच्या स्वस्त विजेला संध्याकाळच्या महाग विजेइतकेच मोल मिळते. वितरण कंपन्यांचे म्हणणे असे की बिल शून्यावर आणणारा ग्राहकही रात्री त्याच तारा वापरतो आणि त्यांचा खर्च छतावर पॅनेल नसलेल्या शेजाऱ्यावर पडतो. ही तक्रार खोटी नाही. तारांच्या खर्चाचे कारण पुढे करून स्पर्धा टाळण्याचा मोह कंपन्यांना होतो, हेही तितकेच खरे आहे. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांच्या बाहेर जाणाऱ्या विजेचा मोबदला सरासरी सुमारे ७५ टक्क्यांनी घटवला आणि जुन्यांच्या अटी मात्र कायम ठेवल्या. नवे अर्ज झपाट्याने कमी झाले, परंतु जे आले त्यांतील बहुतेकांनी सोबत बॅटरीही घेतली.

दुपारी वीज अतिरिक्त होण्याची अडचण आता काही ठिकाणी ग्रिडच्या सुरक्षिततेपर्यंत पोहोचली आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०२० पासून नवा घरगुती संच गरज पडल्यास दुरून बंद करता येईल असाच बसवावा लागतो. पाकिस्तानचे चित्र वेगळेच आहे. तेथे ग्रिडची वीज महाग झाली आणि आयात पॅनेल स्वस्त, तेव्हा २०२४ या एका वर्षात सुमारे १७ गिगावॅट क्षमतेचे पॅनेल देशात आले. मोठ्या अनुदानाची वाट कोणी पाहिली नाही. सधन ग्राहक ग्रिडकडून वीज कमी घेऊ लागले आणि वीजकेंद्रांचा स्थिर खर्च उरलेल्यांच्या वाट्याला अधिक येऊ लागला.

भाडेकरू या साऱ्या धोरणांच्या कक्षेत फार काळ नव्हताच, कारण छत त्याचे नसते. जर्मनीने २०२४ मध्ये बाल्कनीच्या कठड्याला लावून साध्या प्लगने जोडता येणाऱ्या संचांची मर्यादा ८०० वॉटपर्यंत वाढवली आणि नोंदणी सोपी केली. अशा संचातून बाहेर गेलेल्या विजेचा मोबदला लोक सहसा घेत नाहीत. त्यामुळे कपडे धुण्याचे यंत्र रात्रीऐवजी दुपारी लावण्यातच त्यांचा फायदा असतो.