आज भाजी कोणती होती?

श्रोतेहो, नमस्कार.

रात्रीचे पावणेनऊ. पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलची मेस. खुर्चीच्या पाठीवर एप्रन टाकलेला, ताटाशेजारी वही उघडी, कारण उद्या ॲनाटॉमीची पार्ट कंप्लीशन, म्हणजे एक भाग शिकवून झाल्यावरची परीक्षा आहे. तेवढ्यात फोन वाजतो. लातूरहून, जळगावहून, कुडाळहून. आईचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस का गं?" उत्तरही ठरलेलं, "हो, जेवले."

मी फिजिऑलॉजी शिकवत असे आणि नऊ वर्षं अशाच एका होस्टेलची रेक्टर होते. हे "हो, जेवले" मी रोज ऐकलं. त्यातलं कोणतं खरं आणि कोणतं खोटं, हे कळायला मला फार उशीर लागला.

मेडिकलच्या मुलामुलींमध्ये ईटिंग डिसऑर्डरचा, म्हणजे खाण्याशी जडलेल्या मानसिक आजाराचा धोका किती, हे अनेक देशांत तपासलं गेलंय. २०१९ साली ९ देशांतल्या १९ अभ्यासांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात ५,७२२ विद्यार्थी होते आणि १०.४ टक्क्यांना हा धोका दिसला. २०२२ मध्ये आणखी मोठा हिशेब आला. त्यात ३५ अभ्यास आणि २१ हजारांहून जास्त विद्यार्थी होते, आणि आकडा १७ टक्क्यांच्या पुढे गेला. आपल्याकडच्या दीडशेच्या बॅचला हे प्रमाण लावून पाहा. पंधरा ते सव्वीस जण होतात. आता यातली मेख सांगते. अशा अभ्यासांत बहुतेक वेळा प्रश्नावली भरून घेतात. ईएटी-२६ नावाची एक प्रश्नावली आहे, २६ प्रश्नांची. त्यात २० किंवा जास्त गुण पडले तर "धोका आहे, पुढे तपासा" एवढाच त्याचा अर्थ. ते निदान नसतं. पण वर्गातल्या सव्वीस जणांना पुढे तपासायला हवं असेल आणि आपण एकालाही तपासत नसू, तर शिक्षक म्हणून मला ते टोचतं.

लोक मला विचारतात, अहो, ही तर डॉक्टर होणारी मुलं. कशात काय असतं हे यांना नाही कळणार तर कुणाला? मीही तसंच समजत होते. पण या मुलांना कळतं म्हणूनच हा आजार त्यांच्यात दडून बसतो. एका ग्रॅम स्निग्ध पदार्थात किती ऊर्जा असते हे पहिल्याच वर्षी पाठ होतं. शरीर स्वस्थ पडून असताना किती ऊर्जा जाळतं, हे मीच फळ्यावर मांडून दाखवलंय. ज्या मुलीच्या मनात अन्नाची भीती बसलीय, तिच्या हातात आम्ही नकळत हत्यार देतो. आणि कुणी टोकलंच तर ती शास्त्रीय भाषेत इतकं नीट उत्तर देते, की विचारणाराच गप्प होतो.

शिवाय ही मुलं इथवर कशी आलेली असतात ते पाहा. मेडिकलच्या ‘नीट’ प्रवेशपरीक्षेसाठी दोन-दोन, तीन-तीन वर्षं झोप, खेळ, सण सगळं मागे सारलेलं. भूक मारून बसायची सवय तिथेच लागते आणि त्याबद्दल घरीदारी कौतुकही होतं. "जेवायचंसुद्धा भान नसतं हो तिला," हे वाक्य मी पालकांच्या तोंडून अभिमानाने म्हटलेलं ऐकलंय. मग इथे येऊन पाहावं तर वर्गात सगळेच टॉपर. आयुष्यात पहिल्यांदा कमी मार्क पडतात. अशा वेळी आपल्या हातात राहिलेली एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे समोरचं ताट.

आता माझी चूक सांगते. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला मुलांनी एकमेकांची उंची आणि वजन मोजायचं आणि त्यावरून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा काढायचा, असं आम्ही करून घेत असू. मी ते आकडे बॅचसमोर मोठ्याने वाचायला लावायची. वर्षानुवर्षं. वर्ग हसायचा, मीही हसण्यावारी न्यायची. पुढे एका मुलीने मला सांगितलं, "मॅडम, त्या दिवसापासून मी मोजायला लागले." तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून तिच्याबद्दल सांगते. तशी तिने परवानगी दिली आहे.

सहा महिन्यांत ती बारीक झाली. कॉरिडॉरमध्ये दिसली तेव्हा मी म्हणाले, "अरे वा, छान दिसतेयस." तिच्या आजारात माझ्या या चार शब्दांनी काय केलं ते मला नंतर कळलं. मग तिचे उपवास वाढले. सोमवार होता, त्यात गुरुवार आला, मग चतुर्थी. आपल्याकडे उपवास करणाऱ्याला कुणी "का" विचारत नाही. पण "एकादशी अन् दुप्पट खाशी" हेही आपलंच म्हणणं आहे ना? हिच्या उपवासाला खिचडी नव्हती, वरईचा भात नव्हता, शेंगदाण्याची आमटी नव्हती. तिथे मी थबकायला हवं होतं.

थबकल्या त्या आमच्या होस्टेलच्या मावशी. शाळा चौथीपर्यंत. एके दिवशी ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, त्या पोरीचं काय तरी बिनसलंय. ताट घेऊन बसती, पण भाकरीचे तुकडे नुसते करत राहती. आणि उन्हातान्हात स्वेटर घालती." शरीर उपाशी राहिलं की ऊर्जा वाचवायला लागतं. थंडी वाजते, नाडी मंदावते, पाळी थांबते. हे मी शिकवत होते आणि ओळखलं मात्र मावशींनी.

एक जुना प्रयोग मी त्यानंतर दर वर्षी वर्गात सांगू लागले. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये अन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं. मनाने धडधाकट म्हणून निवडलेली माणसं ती. थोड्याच दिवसांत ती दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, ताटली चाटू लागली, एकेक जेवण खूप वेळ लांबवत बसू लागली, माणसांपासून तुटली. पोटभर मिळायला लागल्यावर काही जणांना थांबताच येईना. म्हणजे ज्याला आपण "हिचं डोकं फिरलंय" म्हणतो, त्यातलं बरंचसं उपासमारच घडवून आणते. "मन घट्ट कर आणि जेव" म्हणून ते सुटत नाही. (याच कीज यांनी १९७२ मध्ये बीएमआयला ते नाव दिलं. माझ्या प्रॅक्टिकलमधला आकडा तो हाच.)

आणि बारीक दिसणारीच आजारी, असंही समजू नका. बुलिमिया नावाच्या आजारात भसाभस खाल्लं जातं आणि मग ते कसंही करून शरीराबाहेर काढायची धडपड असते. अशा बहुतेकांचं वजन चारचौघांसारखंच असतं. उलट लाळग्रंथी सुजून गाल भरलेले दिसतात आणि आत्या म्हणते, "पुण्याचं पाणी मानवलं हो!" पुढच्या दातांची आतली बाजू झिजलेली डेंटिस्टला आधी दिसते. रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून हे नखरे समजून सोडून देण्यासारखं नाही. खाण्याच्या या आजारांमध्ये माणसं दगावतात. सगळ्या मानसिक आजारांमध्ये ॲनोरेक्सियाचा, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याच्या आजाराचा मृत्युदर सर्वांत वरच्या आजारांत मोजला जातो.

मुलांबद्दल थोडंसं. मुलग्यांनाही हे होतं. त्यांच्यात ते जिम, प्रोटीन पावडर आणि "कटिंग चालू आहे" (म्हणजे चरबी उतरवणं) या शब्दांआड असतं, आणि बऱ्याच प्रश्नावल्या बारीक होण्याच्या ओढीभोवती बेतलेल्या असल्याने तिथे ते निसटतं.

प्रत्येक चुकलेलं जेवण म्हणजे आजार, असं मात्र घाबरून ठरवू नका. इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीला, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात ड्यूटी लागली की दिवसभरात दोन चहा आणि एक क्रीमरोल एवढंच पोटात जातं. ती ड्यूटीची ओढाताण झाली. सुट्टीच्या दिवशी, समोर आवडीचं वाढलेलं असताना, वेळ असताना, चार माणसांत बसून जेवायची भीती वाटत असेल, तर मात्र लक्ष द्या. बाकी ड्यूटीवरून उशिरा येणाऱ्यांचं ताट झाकून ठेवणं मेसला अवघड नसतं. आम्ही ते सुरू केलं आणि मेसच्या काकूंनी एकदाही कुरकूर केली नाही.

उपचाराकडे जाताना या मुलांची एक अडचण असते, ती बाहेरच्यांना सुचणारही नाही. मानसोपचाराची ओपीडी त्यांच्याच हॉस्पिटलात. तिथे बसलेले डॉक्टर त्यांचेच परीक्षक, केसपेपर काढणारा ओळखीचा आणि रांगेत वर्गमैत्रीण पोस्टिंगला. कोण जाईल? म्हणून मी कॉलेजांना कळकळीने सांगते, आपल्या विद्यार्थ्यांसाठी बाहेरच्या मानसोपचारतज्ज्ञांशी ठरवून ठेवा. आणि विद्यार्थीमित्रांनो, पहिलं पाऊल फोनवरूनही टाकता येतं. सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६. पुन्हा सांगते, एक चार चार एक सहा. चोवीस तास चालू असते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, तर मात्र फोनवर थांबू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.

आईवडिलांना एक विनंती. लेक आजारी आहे हे कळताच डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन धावत याल, मला माहीत आहे. पण फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळतं आणि जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना विचारा. किती आणि कसं वाढवत न्यायचं ते तेच ठरवतील. वजनाबद्दल, चेहऱ्याबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलू नका. "अगदी हाडं दिसायला लागली" हेही नको. त्या आजाराला ती शाबासकी वाटते.

आमच्या त्या मुलीला बरं व्हायला दोन वर्षं लागली. मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन आणि आहारतज्ज्ञ, तिघांनी मिळून केलं. मधे एकदा पुन्हा घसरली, पुन्हा सावरली. त्या काळात मी रात्री मेसमध्ये तिच्या समोर ताट घेऊन बसत असे. ती किती खाते ते पाहायचं नाही आणि अभ्यासाचा विषय काढायचा नाही, एवढंच ठरवलं होतं. बोलायला दुसरं काही सुचेना, म्हणून आम्ही भाजीबद्दल बोलायचो. आज तोंडलीच का, काल फ्लॉवर खारट होता, गावाकडे अंबाडी कशी करतात.

आता ती एका तालुक्याच्या गावी डॉक्टर आहे. महिन्या-दोन महिन्यांनी तिचा फोन येतो. "जेवलीस का?" असं मी विचारत नाही. "आज भाजी कोणती होती?" असं विचारते. परवा म्हणाली, "शेपू होता मॅडम. मला शेपू अजिबात आवडत नाही. पोळी-दही खाल्लं, मग गूळ घेतला, आणि दुपारची ओपीडी केली."

नमस्कार.