अन्ननलिकेतली पिशवी: कापायची की तशीच राहू द्यायची?

निपाणीजवळच्या एका गावात पंगत बसली आहे. आज्जी भाकरी आमटीत कुस्करून खातात, घास घोटताना मान एका बाजूला वळवतात. घरचे म्हणतात, वय झालं. सुनेला मात्र ठाऊक आहे, सकाळी उशीवर रात्रीच्या भाताची शितं दिसतात, जशीच्या तशी. दवाखान्यात हे सांगायला सुनेनंच सोबत जायला हवं.

घशाच्या तळाशी स्नायूचं एक कडं असतं. घास आला की ते सैल पडतं. ते नीट सैल पडेनासं झालं की वरचा दाब वाढतो आणि मागच्या बाजूच्या कमजोर जागेतून आतलं अस्तर पिशवीसारखं बाहेर येतं. यालाच झेंकर डायव्हर्टिक्युलम म्हणतात. बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे.

पिशवी लहान असेल, काहीच त्रास नसेल, तर तिच्या वाटेला जाऊ नये. छातीच्या मध्यभागी, क्षयाच्या जुन्या गाठींनी ओढून धरल्यामुळे झालेल्या पिशवीलाही सहसा हात लावावा लागत नाही. पण घास अडकतोय, वजन उतरतंय, खाल्लेलं श्वासनलिकेत जाऊन वारंवार न्यूमोनिया होतोय, तर थांबणं धोक्याचं. नुसतं वय जास्त आहे म्हणून उपचार नाकारू नयेत, हे ठासून सांगावंसं वाटतं.

आधी एक्स-रेत उठून दिसणारं बेरियमचं द्रावण पाजून एक्स-रे काढतात. पिशवीची शंका असेल तर दुर्बीण घालण्याआधीच डॉक्टरांना सांगा. दुर्बीण चुकून पिशवीत शिरली तर भोक पडू शकतं.

उपचाराचा गाभा आहे तो स्नायू कापणं. नुसती पिशवी काढली आणि कडं तसंच घट्ट राहिलं, तर दाब कायम राहतो. हल्ली बऱ्याचदा तोंडातूनच, पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामधला पडदा कापतात. हा स्नायू त्या पडद्यातच असतो. मानेवर चिरा पडत नाही, खाणंपिणंही लवकर सुरू होतं, पण त्रास उलटण्याची शक्यता थोडी जास्त. मान मागे वाकत नसेल किंवा तोंड पुरेसं उघडत नसेल, तर मानेतून शस्त्रक्रिया.

जठराच्या थोडं वर असलेल्या पिशवीचं गणित वेगळं. तिथे अन्ननलिकेच्या हालचालीतच बिघाड असतो, म्हणून आधी मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजायची तपासणी. शिवलेली जागा गळण्याची भीती असल्यामुळे त्रास ठळक असेल तरच शस्त्रक्रिया.

बेळगाव, मिरज, कोल्हापूर, कुठेही दाखवा. सर्जनला एवढं विचाराच: स्नायू कापणार का, कुठल्या वाटेनं, आणि त्रास परत झाला तर पुढे काय करणार?