हजेरीत आपलं नाव

निर्वासित मुलांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं, किती चिवट असतात ना ही पोरं! मला ते ऐकून पोटात तुटतं, कारण चिवट म्हटलं की आपण मोकळे, आता त्यांचं ती बघतील. ॲन मास्टेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्यांनी संकटातून गेलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि २००१ मध्ये लिहिलं की हा चिवटपणा अगदी साध्यासुध्या गोष्टींतून येतो, म्हणजे जीव लावणारं एखादं माणूस, रोजचं ठरलेलं रुटीन, आपल्याला काहीतरी जमतंय असं वाटणं. आता घर सुटलेल्या मुलाला हे सगळं एका जागी कुठे मिळणार? शाळेतच ना.

साधी हजेरी घ्या. ज्या पोराचं नाव इतके दिवस फक्त रेशनच्या यादीत होतं ते बाई वर्गात मोठ्याने घेतात, तो हजर म्हणतो, आणि एक दिवस आला नाही तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतं, काल कुठे होतास रे?

पण नुसतं वर्गात बसवून भागत नाही. लेबनॉनमध्ये सीरियन मुलांसाठी सरकारी शाळांत दुपारची दुसरी शिफ्ट सुरू केली, चांगलंच झालं, पण तिथे गणित आणि सायन्स शिकवतात फ्रेंच किंवा इंग्रजीत, आणि ही मुलं आली सगळं अरबीत शिकून. म्हणजे गावाकडे गणितात हुशार असलेला मुलगा इथे एकदम ढ ठरतो. गणित येतं हो त्याला, गणिताचा प्रश्न वाचता येत नाही! मग त्याला लहान मुलांच्या वर्गात बसवतात, उंच पोरगं, गुडघे बाकाला टेकलेले, आणि काही महिन्यांत ते शाळा सोडून कामाला लागतं. त्याचा चिवटपणा कुठे कमी पडला सांगा बरं.

बांगलादेशातल्या कॉक्स बाजारमध्ये २०१७ नंतर म्यानमारमधून पळून सात लाखांवर रोहिंग्या आले, बांबूच्या शिक्षण केंद्रांत मुलं शिकायला लागली, पण बांगलादेशचा अभ्यासक्रम त्यांना शिकवायला परवानगी नव्हती आणि म्यानमारचा अभ्यासक्रम सुरू व्हायला २०२१ चा शेवट उजाडला. २०१७ मध्ये बारा वर्षांची असलेली मुलगी तोवर सोळाची झाली, ती वर्षं तिला कोण परत देणार?

१९५१ च्या निर्वासित करारात कलम २२ आहे, प्राथमिक शिक्षणात देशातल्या मुलांसारखीच वागणूक. आणि यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, तिच्या २०२३ च्या अहवालात शाळेच्या वयाच्या १.४८ कोटी निर्वासित मुलांपैकी निम्म्याहून जास्त शाळेबाहेर.

म्हणून माझी एक विनंती आहे, कोणी अशा शाळेसाठी मदत मागायला आलं तर दप्तरं किती वाटली हे नंतर विचारा, आधी विचारा की आत्ता शिकवतायत त्या बाई पुढच्या वर्षी असणार आहेत का, आणि त्यांचा पगार कोण देणार आहे.