दुर्बिणीच्या नळीतला आगंतुक उजेड

आकाश निरभ्र आहे. आरसा स्वच्छ आहे, आरशांची जुळणीही नीट झालेली आहे. तरी आयपीसमधली, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातली, पार्श्वभूमी राखाडी दिसते आणि शोधत असलेली दीर्घिका त्या राखाडीत हरवते.

फिकट दीर्घिका दिसते ती तेजातल्या फरकामुळे. तिच्या भुजा असतात तिथलं आकाश शेजारच्या आकाशापेक्षा जेमतेम उजळ असतं. नळीच्या भिंतींवरून उसळलेला प्रकाश या दोन्हींवर सारखाच पसरतो आणि तो नाजूक फरक बुजवून टाकतो. आरसा मोठा घेऊन हे दुखणं बरं होत नाही.

मग हा प्रकाश येतो कुठून? दिवसाउजेडी पाहता येतं. दुर्बीण सूर्याकडे पाठ करून निळ्या आकाशावर रोखा. सूर्य चुकूनही नळीसमोर येता कामा नये. आयपीस काढा आणि डोळा नेमका तिच्या जागी आणा.

ही न्यूटनी, म्हणजे आरशांची दुर्बीण आहे. मधोमध दुय्यम आरसा, त्यात मुख्य आरशाचं उजळ वर्तुळ. आपल्याला हवा असलेला सगळा प्रकाश या वर्तुळातून येतो. त्याच्या बाहेर जे जे चमकतंय, ते आगंतुक. डोळा जरा कडेला सरकवा. फोकसरची, म्हणजे आयपीस बसवायच्या सरकत्या नळीची, आतली भिंत उजळली. तिथे एका स्क्रूचं टोक लकाकतंय. दुय्यम आरशाची कड पांढुरकी दिसतेय.

या भिंतीला काळा रंग दिलेला आहे, आणि समोरून पाहिलं तर ती काळीच आहे. पण प्रकाश पृष्ठभागाला घासून जातो तेव्हा काळा रंगही बराच प्रकाश पुढे ढकलतो. उन्हं कलली की डांबरी रस्ता समोरून चकाकतो, तसंच हे. म्हणून नुसत्या रंगाने भागत नाही, पृष्ठभाग खडबडीत लागतो. मॅट काळ्या रंगात लाकडाचा बारीक भुसा मिसळून लावतात, किंवा मखमलीसारखा लव असलेला काळा कागद चिकटवतात. प्रकाश त्या लवेत शिरतो आणि तिथेच जिरतो.

संपूर्ण नळी मढवायची गरज क्वचितच पडते. माझ्या मते दोन जागा आधी: फोकसरची आतली बाजू आणि फोकसरच्या बरोबर समोरची भिंत. नळीचं तोंड फोकसरपासून पुढे निदान नळीच्या व्यासाइतकं लांब असलं, तर बाजूचे दिवे त्या भिंतीपर्यंत सहज पोचत नाहीत. उघड्या सांगाड्याच्या दुर्बिणीला काळ्या कापडाचा झगा आणि फोकसरसमोर एक काळा पत्रा लागतोच.

भिंगाच्या दुर्बिणीत हे काम आतल्या कड्या करतात. त्यांना बॅफल म्हणतात. कडीचं भोक किती मोठं? समजा भिंगाचा व्यास १०० मिलिमीटर, नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) १००० मिलिमीटर आणि तिथे पूर्ण प्रकाश हवा असलेलं क्षेत्र २० मिलिमीटर व्यासाचं. तर भिंगापासून ४०० मिलिमीटरवर प्रकाशाचा शंकू ६८ मिलिमीटर रुंद असतो. भोक त्याहून किंचित मोठं ठेवायचं. लहान झालं तर भिंगाचाच प्रकाश कापला जातो. भोकाची धार पातळ हवी, कारण जाड धार स्वतःच चमकते.

एक प्रकार मात्र नळीत सापडत नाही. गुरूशेजारी फिकट, धूसर असा दुसरा ठिपका दिसला, तर दुर्बीण हळूच हलवा. ठिपका गुरूच्या उलट दिशेला सरकला, तर ते बहुधा आयपीसमधल्या भिंगांमधलं परावर्तन आहे. परावर्तन कमी करणारा लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. इथे काळा रंग उपयोगाचा नाही, चांगला लेप असलेली आयपीसच हवी.

कागद किंवा रंग लावण्याआधी मुख्य आणि दुय्यम, दोन्ही आरसे बाहेर काढून झाकून ठेवा. रंग पूर्ण वाळू द्या, नळी आतून नीट झाडा, सुटी लव आणि भुसा निघून जाऊ द्या. आरसे त्यानंतरच बसवा आणि जुळणी पुन्हा तपासा.