‘ओल मिस’ची पानं

श्रोतेहो, नमस्कार.

कॉलेजच्या वार्षिक अंकात आपली कविता छापून आली, की तो अंक घरी कितीदा उघडला जायचा, आठवतंय? पुढेपुढे तर आपल्या पानाशी तो आपसूकच उघडायचा. आज मला अशाच एका अंकाविषयी बोलायचंय. तो अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाचा.

१८९७ साली तिथल्या विद्यार्थ्यांना आपल्या नव्या वार्षिकासाठी नाव हवं होतं. एल्मा मीक नावाच्या मुलीनं सुचवलं, ‘ओल मिस’. हा शब्द मळ्यावरच्या कृष्णवर्णीय गुलामांच्या तोंडचा. मालकिणीला ते ‘ओल मिस’ म्हणत, आपल्याकडे थोरल्या बाईसाहेब म्हणावं तसं. अंकाचं हे नाव पुढे विद्यापीठालाच चिकटलं, ते आजतागायत.

या वार्षिकाच्या १९१७च्या अंकात शाईनं काढलेलं एक चित्र आहे. नाचणारं जोडपं, अंगानं सडसडीत, लांबसडक. काढणारा विल्यम फॉकनर, गावातलाच एकोणीस वर्षांचा मुलगा. शाळा अर्धवट सोडलेला, आजोबांच्या बँकेत काही दिवस कारकुनी केलेला. तो तेव्हा तिथला विद्यार्थीसुद्धा नव्हता! तरी त्याचं चित्र घेतलं गेलं.

१९१९मध्ये त्याला माजी सैनिक म्हणून प्रवेश मिळाला. इंग्रजीत शेरा मिळाला ‘डी’. मुलं त्याला ‘काउंट नो काउंट’ म्हणून चिडवायची, म्हणजे बिनकामाचा सरदार. नोव्हेंबर १९२०मध्ये त्यानं कॉलेज सोडलं. पण वार्षिकात मात्र त्याची चित्रं येत राहिली, ‘टु अ को-एड’ ही कविताही आली. याच फॉकनरला पुढे साहित्याचं १९४९चं नोबेल मिळालं. ते अंक काढणाऱ्या मुलांचं मला फार कौतुक वाटतं. त्यांनी ना त्याचे गुण पाहिले, ना हजेरी.

पण श्रोतेहो, एक गोष्ट मनाला टोचते. ज्यांच्या तोंडून हे नाव आलं, त्यांच्या लेकरानातवंडांना त्या विद्यापीठाचं दार बंद होतं. सगळ्यांना सामावून घेणाऱ्या त्या पानांवर एकाही कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचं नाव येणं शक्य नव्हतं. जेम्स मेरेडिथ या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यानं तिथं प्रवेश घेतला तो थेट १ ऑक्टोबर १९६२ला. त्याच्या प्रवेशाला विरोध म्हणून आदल्या रात्री आवारात दंगल उसळली, दोन माणसं मेली. फॉकनर त्याच वर्षी, जुलैमध्ये वारला होता.